वाढली म्हणजे सुधारली? स्थळाची कार्यस्मृती आणि मेंदूतील ‘सक्रियते’चे वाचन

‘प्रशिक्षणानंतर मेंदूच्या पुढच्या भागातील सक्रियता वाढली.’ मेंदूविज्ञानातले हे साधेसे वाक्य गेल्या वीस वर्षांत प्रयोगशाळेतून निघून शाळेच्या फाटकापर्यंत येऊन पोहोचले आहे. यंदा शाळा सुरू होण्याच्या सुमारास आमच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला एक रंगीत पत्रक आणून दाखवले. त्यावर मेंदूची दोन चित्रे होती. डावीकडचे निळसर, उजवीकडचे लाल-पिवळे. खाली ‘आधी’ आणि ‘नंतर’. मुलाची एकाग्रता, आठवण आणि गणित, सगळे सुधारेल असे आश्वासन, आणि शुल्काचा आकडा बाईंच्या महिन्याच्या पगाराच्या आसपास. “काका, तुम्ही मेंदूवरचं वाचत असता ना? पाठवू का ह्याला?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

‘नको’ म्हणणे सोपे होते. मात्र त्या पत्रकात जे म्हटले होते त्याचे मूळ भोंदूगिरीत नाही. काही वर्षांपूर्वी गावोगावी डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग निघाले होते, तो निव्वळ हातचलाखीचा प्रकार होता. इथे तसे नाही. इथे मागे खरे विज्ञान उभे आहे, नामांकित नियतकालिकांत छापलेले निबंध आहेत. म्हणून ते निबंधच पुन्हा काढून वाचले. हा लेख त्या वाचनाचा आहे. माझी तक्रार थोडक्यात अशी, की या साऱ्या संशोधनात ‘सक्रियता’ हा एकच शब्द चार-पाच वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि एका अर्थाने मिळवलेली पत दुसऱ्या अर्थाच्या नावावर खर्च केली जाते.

आधी स्मृतीबद्दल. आपल्या स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यात मोहरी कोणत्या वाटीत आणि हळद कोणत्या, हे हाताला पाठ असते. ती सवय, वर्षानुवर्षे मुरलेली. पण पाहुणे म्हणून गेलेल्या घरी फोडणी टाकायची वेळ आली, डब्याचे झाकण उघडून एकदा नजर टाकली, आणि मग तेलावर लक्ष ठेवत हात न चुकता जिऱ्याच्या वाटीकडे गेला, तर ते काम कार्यस्मृतीचे. काही सेकंदांपुरती, हातातल्या कामापुरती धरून ठेवलेली आठवण. ती जागेविषयी असेल तर स्थळाची कार्यस्मृती. रस्ता ओलांडताना उजवीकडचा ट्रक पाहून डावीकडे मान वळवली तरी ट्रक कुठे आहे हे ‘दिसत’ राहते, ते हिच्यामुळे. ‘कार्यस्मृती’ या अर्थाचा इंग्रजी शब्द मिलर, गॅलँटर आणि प्रिब्रम यांच्या १९६०च्या पुस्तकात येतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ साली तिची रचना मांडली, आणि त्या मांडणीत शब्दांसाठी वेगळा कप्पा व दृश्य-स्थळासाठी वेगळा कप्पा अशी विभागणी आली. मराठीत तिला कुणी ‘कार्यरत स्मृती’ म्हणतात. मला ते खटकते. स्मृती कामावर हजर असल्यासारखे वाटते. खरे तर ती कामासाठी असते.

हिच्या अभ्यासाचा इतिहास वाचताना एक प्रसंग टाळून पुढे जाता येत नाही, आणि तो प्रसंगच माझ्या तक्रारीचे पहिले उदाहरण आहे.

१९३०च्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन फुल्टन यांच्या प्रयोगशाळेत कार्लाइल जेकबसन हे मानसशास्त्रज्ञ बेकी आणि लूसी या दोन चिंपांझी माद्यांवर काम करत होते. प्रयोग लहान मुलांच्या खेळासारखा. दोन भांडी, एकाखाली खाऊ ठेवायचा, प्राण्याला तो पाहू द्यायचा, मध्ये पडदा पाडायचा, काही सेकंदांनी पडदा उचलायचा आणि त्याला भांडे निवडू द्यायचे. अशा विलंबित निवडीच्या चाचण्या वॉल्टर हंटर यांनी १९१३ सालीच प्राण्यांवर आणि मुलांवर करून पाहिल्या होत्या. जेकबसन यांनी मेंदूचे ललाटखंड, म्हणजे कपाळामागचे भाग, दोन्ही बाजूंनी काढून टाकल्यावर काय होते ते पाहिले. धडधाकट असताना सहज जमणारी ही निवड आता जमेनाशी झाली. पडदा नसेल तर प्राणी बरोबर निवडत. पडदा काही सेकंद पडला की खाऊ कुठे ठेवला ते हरवून जाई. स्थळाच्या कार्यस्मृतीचा ललाटखंडाशी संबंध आहे, याचा हा पहिला भक्कम पुरावा.

१९३५ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय मज्जाशास्त्र परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले. पण तिथे लोकांच्या लक्षात राहिली ती स्मृती नव्हे. शस्त्रक्रियेआधी बेकी चूक झाली की आदळआपट करी. नंतर ती शांत झाली, चुकले तरी तिला त्याचे काही वाटेना. श्रोत्यांत पोर्तुगालचे एगास मोनीझ होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिस्बनमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली आल्मेइदा लिमा यांनी मानसिक रुग्णावर ललाटखंडाची पहिली शस्त्रक्रिया केली. मोनीझ यांच्या मनात ही कल्पना आधीपासून होती की परिषदेमुळे आली, यावर इतिहासकारांत वाद आहे, आणि स्वतः मोनीझ यांनी बेकीला फारसे श्रेय दिले नाही. पण पुढे या शस्त्रक्रियेच्या समर्थनार्थ बेकीची गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली गेली, हे मात्र खरे. लूसीची गोष्ट कुणी सांगितली नाही. लूसी आधी शांत होती आणि शस्त्रक्रियेनंतर चिडू लागली होती! दोन प्राण्यांपैकी सोयीचा एक उचलला गेला. १९४९ साली मोनीझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि जगभरात हजारो माणसांचे ललाटखंड कापले गेले.

आणि स्मृतीचे काय? १९४२ साली रॉबर्ट माल्मो यांनी दाखवले की ललाटखंड काढलेल्या माकडांना विलंबाच्या काळात अंधारात ठेवले, तर ती पुष्कळशी बरोबर निवड करतात. म्हणजे आठवण पुसलीच गेली होती असे नव्हे. मधल्या काळात डोळ्यांवर आदळणाऱ्या इतर गोष्टींपासून तिला सांभाळता येत नव्हते. ‘भाग काढला, स्मृती गेली, म्हणून स्मृती त्या भागात’ हा सरळ हिशेब सात वर्षांतच डळमळला होता. माल्मो यांचा निबंध आजही वाचण्यासारखा आहे. पण बेकीच्या मानाने तो अगदीच विस्मृतीत गेला.

भाग काढून पाहण्याऐवजी तो काम करत असताना ऐकायचा, ही पुढची पायरी. १९७१ साली दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ती गाठली गेली. अमेरिकेत होआकीन फुस्टर आणि गॅरेट अलेक्झांडर यांनी, तर जपानमध्ये किसो कुबोता आणि हिरोआकी निकी यांनी जाग्या माकडांच्या ललाटखंडातील एकेका चेतापेशीचे विद्युत ठोके टिपले. पडदा पडलेला असताना, समोर काहीच नसताना, काही पेशी ठोके देतच राहत होत्या. खाऊ दिसणे बंद झाले होते, हात हलवायची वेळ आली नव्हती, आणि मधल्या त्या रिकाम्या सेकंदांत या पेशी जाग्या होत्या.

पण जाग्या म्हणजे काय करत होत्या? माकड नुसते सावध असेल, खाऊच्या आशेवर असेल, हात पुढे करण्याच्या तयारीत असेल. या शंकांना सर्वात नेटके उत्तर दिले ते येलमधल्याच पॅट्रिशिया गोल्डमन-राकिश यांच्या गटाने. शिन्तारो फुनाहाशी आणि चार्ल्स ब्रूस यांच्यासह त्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेला निबंध मी या विषयातला सर्वोत्तम मानतो, आणि त्याच्यावर थोडे रेंगाळणे भाग आहे.

माकड पडद्याच्या मधल्या ठिपक्याकडे टक लावून बसते. भोवती घड्याळाच्या आकड्यांसारख्या आठ जागा. त्यांतल्या एकीवर अर्धा सेकंद खूण चमकते आणि विझते. माकडाने तिकडे पाहायचे नाही. साधारण तीन सेकंद नजर मध्येच रोखायची. मग मधला ठिपका नाहीसा होतो, आणि जिथे खूण चमकली होती त्या आता रिकाम्या जागेकडे डोळे वळवायचे. बरोबर वळवले तर बक्षीस. हात नाही, भांडे नाही, आणि आठही दिशांना बक्षीस सारखेच. सावधपणा किंवा आशा हे कारण असते, तर पेशी आठही दिशांना सारखीच बोलली असती.

तसे झाले नाही. ललाटखंडातील एका विशिष्ट खाचेभोवतीच्या २८८ पेशी त्यांनी तपासल्या. १७० पेशींचा या कामाशी काही ना काही संबंध दिसला. त्यांपैकी ८७ पेशींचे ठोके विलंबाच्या काळात बदलत होते, आणि या ८७ मधल्या जवळजवळ चार-पंचमांश पेशी दिशा ओळखणाऱ्या होत्या. एखादी पेशी खूण डावीकडे चमकून गेल्यावरच तीन सेकंद ठोके देई, उजवीकडच्या खुणेनंतर गप्प राही, क्वचित नेहमीपेक्षाही गप्प. डोळ्याला जसे दृष्टिक्षेत्र असते तसे या पेशीला ‘स्मृतिक्षेत्र’ आहे, असे लेखकांनी म्हटले. निबंधातली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. माकड जेव्हा चुकले, तेव्हा त्या पेशीचे ठोके विलंबाच्या मध्येच विरले होते किंवा सुरूच झाले नव्हते. म्हणजे आठवण राहिली तर ठोके राहतात, आठवण सुटली तर ठोके सुटलेले असतात. स्मृतीतील बदल आणि मेंदूतील बदल एकाच प्रयत्नात, एकाच प्राण्यात, समोरासमोर.

‘सक्रियता’ या शब्दाने आपली पत कमावली ती इथे. आणि नीट पाहिले तर इथे ‘किती’ हा प्रश्नच नाही. डावीकडची पेशी जास्त बोलली म्हणून स्मृती ‘जास्त’ झाली असे कुणी म्हणत नाही. प्रश्न ‘कोणती पेशी’ आणि ‘कधी’ हा आहे.

पंचवीस वर्षांनी हेच आणखी बारकाईने दिसले. क्लाउस विमर, आल्बेर्त कोम्प्ते, क्रिस्तोस कॉन्स्टँटिनिडिस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अशाच प्रयोगातल्या नोंदी पुन्हा तपासल्या. माकडाची नजर नेमक्या जागी कधीच पडत नाही. थोडी इकडे किंवा तिकडे पडते. पेशींच्या समूहातील ठोक्यांचा उंचवटा विलंबाच्या काळात ज्या बाजूला सरकला असेल, त्याच बाजूला नजर चुकलेली असते, असे त्यांना आढळले. आठवण पुसट होत नाही, ती सरकते. पाहुण्याच्या घरी हात जिऱ्याऐवजी शेजारच्या वाटीत जातो, समोरच्या वाटीत नाही. त्याचे कारण कदाचित हेच.

इथपर्यंत सारे जुळून आलेले वाटते, म्हणून एक आडवी गोष्ट सांगायला हवी. तीन सेकंद अखंड ठोके देणारी पेशी हे चित्र पुष्कळदा अनेक प्रयत्नांची सरासरी काढून तयार होते. अर्ल मिलर, मिकाएल लुंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी एकेक प्रयत्न वेगळा काढून पाहिला, तेव्हा त्यांना अखंड धार दिसली नाही. तुटक, थोड्या वेळाच्या उसळ्या दिसल्या. वेगवेगळ्या प्रयत्नांतल्या उसळ्यांची सरासरी काढली की सपाट धार दिसणारच, जशी वर्षाच्या पावसाची दिवसांवर सरासरी काढली तर कोकणात रोज थोडाथोडा पाऊस पडतो असे निघेल. मग उसळ्यांच्या मधल्या काळात आठवण कुठे असते? कदाचित पेशींमधल्या सांध्यांत, तात्पुरत्या बदललेल्या जोडांमध्ये. तशी एक मांडणी मोंजिल्लो, बराक आणि त्सोदिक्स यांनी २००८ साली केली होती. २०१८ साली एकाच नियतकालिकात दोन्ही बाजू समोरासमोर छापल्या गेल्या: कॉन्स्टँटिनिडिस यांचा गट अखंड ठोक्यांच्या बाजूने, लुंडक्विस्ट आणि मिलर यांचा गट विरुद्ध. वाद मिटलेला नाही. माझा कल पहिल्या गटाकडे आहे, कारण जागेच्या स्मृतीत चुकीची दिशासुद्धा ठोक्यांवरून सांगता येते ही गोष्ट उसळ्यांच्या मांडणीत तेवढ्या सहज बसत नाही. पण आठवण काही काळ पेशींच्या मौनातही राहू शकते ही शक्यता एकदा मान्य केली, की ‘सक्रियता नाही म्हणजे स्मृती नाही’ हे विधान छातीठोकपणे करता येत नाही. पत्रकातल्या निळ्या मेंदूबद्दल तर नाहीच.

आता माणसांकडे. माणसाच्या डोक्यात सुई घालता येत नाही, म्हणून एफएमआरआय. हे यंत्र पेशींचे ठोके मोजत नाही; ते रक्तातील प्राणवायूशी संबंधित एक चुंबकीय संकेत मोजते. तो संकेत काही सेकंद उशिरा शिखरावर पोहोचतो, आणि चित्रातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या एकेका ठिपक्यात लाखो पेशी असतात. निकोस लोगोथेटिस आणि सहकाऱ्यांनी २००१ साली माकडांत दोन्ही गोष्टी एकत्र मोजल्या, तेव्हा हा संकेत पेशींनी बाहेर टाकलेल्या ठोक्यांपेक्षा त्या भागात येणाऱ्या आणि तिथल्या तिथे चाललेल्या हालचालींशी अधिक जुळला. घरातून किती पत्रे गेली यापेक्षा घरात किती आली आणि आत किती चर्चा झाली, याचे ते मोजमाप आहे. १९८९च्या निबंधातली सक्रियता आणि पत्रकातली सक्रियता इथे वेगळ्या झाल्या. नाव मात्र तेच राहिले.

एवढ्याने एफएमआरआय टाकाऊ ठरत नाही. जे. जे. टॉड आणि रेने माऱ्वा यांनी २००४ साली लोकांना रंगीत ठिपके आणि त्यांच्या जागा लक्षात ठेवायला लावल्या. डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूला असलेल्या पार्श्विका खंडातील एका खाचेत संकेत ठिपक्यांच्या संख्येबरोबर वाढत गेला आणि तीन-चार ठिपक्यांपाशी सपाट झाला. लोकांची स्मृतीही तिथेच सपाट होत होती. हा सुंदर प्रयोग आहे. पण यात एकाच माणसाला, एकाच बैठकीत, कमी आणि जास्त ओझे दिलेले आहे. ‘ओझे वाढले तर संकेत वाढतो’ यातून ‘महिन्याभराने संकेत वाढलेला दिसला तर क्षमता वाढली’ हे निघत नाही. हमालाची नाडी जड पोत्याखाली जोरात चालते. महिन्याभराने त्याच पोत्याखाली ती अधिक जोरात चालू लागली तर तो बळकट झाला की आजारी पडला?

आता मूळ निबंध. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील ओलेसेन, वेस्टरबर्ग आणि टॉर्केल क्लिंगबर्ग यांनी २००४ साली ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये तो प्रसिद्ध केला. निरोगी प्रौढांना पाच आठवडे कार्यस्मृतीचे प्रशिक्षण दिले, आणि स्थळाच्या कार्यस्मृतीचे काम करताना त्यांच्या ललाटखंडाच्या मधल्या घडीत आणि पार्श्विका खंडात संकेत वाढलेला दिसला. याच क्लिंगबर्ग यांनी २००२ साली दाखवले होते, की मुले मोठी होताना स्थळाची कार्यस्मृती वाढते तसा याच भागांतला संकेत वाढतो. दोन्ही एकत्र ठेवले की एक आकर्षक चित्र तयार होते: प्रशिक्षण म्हणजे जणू वाढीच्या दिशेने टाकलेले पाऊल.

निबंधातले आकडे मात्र पत्रकात येत नाहीत. पहिल्या प्रयोगात तीन माणसे होती. दुसऱ्यात आठ. एवढ्या लहान गटाचा निबंध छापण्यात गैर काही नाही. त्या काळी मेंदूचित्रणाचे प्रयोग असेच असत, आणि लेखकांनी संख्या लपवलेली नाही. पण अकरा माणसांच्या बळावर पुढे केवढी इमारत उभी राहिली ते पाहिले की बेकी आणि लूसीची आठवण होते.

संख्येपेक्षा मोठी अडचण दिशेची आहे. चार वर्षे आधी, २००० साली, ह्यू गॅरावन आणि सहकाऱ्यांनी अशाच दृश्य-स्थळाच्या कामाचा सराव लोकांकडून करून घेतला होता. तिथे सरावाने संकेत घटला. २००५ साली गॅरावन यांनीच क्लेअर केली यांच्याबरोबर या प्रकारच्या निबंधांचा आढावा घेतला. काहींत वाढ, काहींत घट, काहींत एका भागाकडून दुसऱ्याकडे स्थलांतर. कुणी म्हणेल, थोड्या सरावाने घट होते आणि दीर्घ प्रशिक्षणाने वाढ. असेलही. पण आधी निकाल पाहून मग कारण लावण्याची सवय इथे फार जुनी आहे. संकेत वाढला तर ‘यंत्रणा बळकट झाली’, घटला तर ‘यंत्रणा कार्यक्षम झाली’. आमच्याकडचा ज्योतिषी जसा शनी अनुकूल असला तरी आणि नसला तरी खरा ठरतो, तसे हे. जे विधान वाढीनेही सिद्ध होते आणि घटीनेही, त्याला मोजमापाची गरजच काय?

वार्धक्यातही हाच पेच आहे. २०११ साली मिन वांग, एमी आर्न्स्टन आणि सहकाऱ्यांनी म्हाताऱ्या माकडांत विलंबाच्या काळातले ठोके तरुण माकडांपेक्षा कमी झालेले दाखवले, आणि पेशीतील एक रासायनिक साखळी रोखली की ते काही अंशी परत येतात हेही दाखवले. म्हणजे वय वाढले, ठोके घटले. माणसांत मात्र पॅट्रिशिया रॉयटर-लोरेन्झ यांनी २००० साली पाहिले, की स्थळाच्या कार्यस्मृतीसाठी तरुणांच्या ललाटखंडाची मुख्यतः उजवी बाजू उजळते, तर वयस्करांच्या दोन्ही. म्हणजे वय वाढले, उजळलेला भागही वाढला. याला भरपाई म्हणायचे की पसारा? दोन्ही मते मांडली गेली आहेत. पंचावन्न ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या मेंदूबद्दल पहिले मत मानावेसे वाटते, हे मी कबूल करतो!

‘जास्त उजेड म्हणजे जास्त स्मृती’ या समजाला सर्वात थेट धक्का देणारा निबंध मात्र प्रशिक्षणाचा नाहीच. डॅनियल बोर, जॉन डंकन, एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २००३ साली लोकांना चौकटींच्या जाळीत एकामागून एक उजळणाऱ्या चौकटींचा क्रम लक्षात ठेवायला सांगितला. काही क्रम विस्कळीत होते. काहींत ओळखीचे आकार लपलेले होते. आकार असलेले क्रम लक्षात ठेवायला अर्थातच सोपे, आणि लोकांनी ते जास्त बरोबर सांगितले. पण ललाटखंडाच्या बाजूच्या भागातला संकेत सोप्या क्रमांत जास्त होता! ओझे कमी, उजेड जास्त. कारण माणूस तिथे नुसता साठवत नव्हता. विखुरलेल्या ठिपक्यांतून चौकोन-त्रिकोण जुळवत होता. पाच आठवडे ठिपके पाठ करणारा माणूस हेच शिकत नसेल कशावरून? पाच ठिपके ‘ळ’सारखे दिसतात हे एकदा उमगले की पाचांचा एक होतो. त्यात स्मृतीचे भांडे मोठे झाले नाही, भरण्याची युक्ती सापडली. एफएमआरआयमधली वाढ या दोहोंत फरक करत नाही, आणि पालकांसाठी तर सगळा फरक तेवढाच आहे. युक्ती ठिपक्यांपुरती चालते. गणिताच्या तासाला ‘ळ’ उपयोगी नाही.

आशयाचा शोध घेणारे अलीकडचे काम मला म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटते. जोशुआ फॉस्टर, एडवर्ड फोगल, एडवर्ड ऑ आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली डोक्याच्या त्वचेवरून ईईजीने मोजल्या जाणाऱ्या अल्फा लहरी, म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १२ आवर्तनांच्या लहरी, डोक्यावर कुठे किती पसरल्या आहेत ते पाहिले. त्या पसरण्याच्या नक्षीवरून माणूस कोणती जागा लक्षात धरून बसला आहे हे क्षणाक्षणाला सांगता आले. गंमत अशी की अल्फा लहरी कामाच्या वेळी बऱ्याचदा ओसरतात. ज्या बाजूकडे लक्ष, तिच्याशी संबंधित भागात त्या कमी होतात. इथे आठवणीची खूण कुठे वाढीत, कुठे घटीत आहे, आणि महत्त्व नक्षीला आहे. म्हणजे आपण फिरून १९८९च्या प्रश्नाशी आलो: कोणती, कुठे, कधी. ‘किती’ नव्हे.

बाजाराचे थोडक्यात. क्लिंगबर्ग यांच्या कामातून ‘कॉगमेड’ हा पाच आठवड्यांचा, पंचवीस बैठकींचा संगणकीय कार्यक्रम निघाला, आणि २०१० साली पिअर्सन या शैक्षणिक कंपनीने तो विकत घेतला. २०१३ साली मोनिका मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स ह्यूम यांनी कार्यस्मृती-प्रशिक्षणाच्या २३ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. ज्याचा सराव केला त्यासारख्या चाचण्यांत सुधारणा दिसली, स्थळाच्या कार्यस्मृतीत ती थोडी टिकलीही असावी; पण वाचन आणि अंकगणितापर्यंत ती पोहोचली नाही. २०१६ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या आरोपावरून ‘लुमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या कंपनीशी वीस लाख डॉलरची तडजोड केली.

क्लिंगबर्ग यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून पुढचेही सांगतो. २०२१ साली त्यांनी निकोलस जड यांच्याबरोबर सहा ते आठ वर्षांच्या सुमारे १७,००० मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्या मुलांना गणिताचा सराव होताच. त्याच्या जोडीला स्थळविषयक सरावाचे वेगवेगळे मिश्रण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटले गेले. स्थळाची कार्यस्मृती आणि आकृतिबंधांवरचा तर्क यांचा सराव ज्यांना जास्त मिळाला, त्यांचे गणित इतरांपेक्षा काहीसे अधिक सुधारले. अकरा माणसांवरून १७,००० मुलांवर येणे हा संशोधकाचा मोठेपणा आहे, आणि २०१३च्या निराशाजनक निकालानंतर हा विषय बंद झाला असे म्हणणाऱ्यांनी तो वाचायला हवा. परिणाम लहान आहे, पण खरा असावा. आणि हा निकाल मेंदूच्या चित्रांनी लागलेला नाही. मुलांनी सोडवलेल्या गणितांवरून लागला आहे.

बाईंना मी पत्रकाच्या मागच्या बाजूला चार प्रश्न लिहून दिले. ही दोन चित्रे एकाच मुलाची आहेत का? चित्र काढताना मूल काय करत होते? वर्गाला न आलेल्या मुलांची चित्रे दाखवाल का? आणि मुलाच्या गणितात फरक पडला नाही तर शुल्क परत मिळेल का? त्या पुढच्या शनिवारी वर्गात जाऊन आल्या. पहिल्या तीन प्रश्नांना ‘हे परदेशातलं संशोधन आहे’ एवढेच उत्तर मिळाले, आणि चौथ्याला हसून पाण्याचा ग्लास. मुलगा आता संध्याकाळी खाली खेळायला येतो. परवा तो आणि दुसरी दोन पोरे पत्ते उपडे मांडून जोड्या लावायचा खेळ खेळत होती. मी सलग तीन डाव हरलो.